बाळाचे पाय आणि पाळणा

“बाळाचे पाय पाळण्यात दिसतात” ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोकणातून मुंबई बंदरामार्गे ह्या बेटावर आणलेल्या तुटपुंज्या शिदोरीपैकी एक होय. भांडीकुंडी हरवली, कपडे विरले, कित्येक घराण्यांची गावेही विस्मृतीत गेली. परंतु म्हण टिकून राहिली. आजही एखादे मूल वर्गात स्वस्थ बसत नसले, की कोणी वडीलधारे ही म्हण उच्चारतात आणि जणू त्या मुलाच्या भवितव्याचा निकालच लागला असे मानून गप्प बसतात. ‘हा जन्मतःच असा’, ‘हिच्या डोक्यात अभ्यास शिरणारच नाही’, ‘ह्याच्या बापाचेही असेच होते’, ही वाक्ये शिक्षकाच्या कानांवर इतक्या वेळा पडतात, की त्यांतील क्रौर्य जाणवेनासे होते.

ह्या म्हणीत सत्य किती आणि भ्रम किती, ह्याचा शास्त्रीय शोध जगाच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी इतक्या चिकाटीने घेतला गेला असेल, जितका तो आपल्या मॉरिशस बेटावर, वाक्वा आणि कात्र-बोर्न ह्या आपल्या परिचयाच्या नगरांत घेतला गेला. ह्या दोन नगरांची नावे जगातील मानसशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. मात्र त्याच रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही हकीकत ठाऊक नाही. कदाचित ही स्मरणिका हाती घेतलेल्या, आज पंचावन्न वर्षांच्या आसपास असलेल्या एखाद्या वाचक बंधूला किंवा भगिनीला बालपणीची अंधुक आठवण असेल, की कोणीतरी आपल्या बोटांना तारा जोडल्या होत्या आणि कानांत कसलेसे आवाज ऐकविले होते. ती आठवण खोटी नव्हे. त्या तारांतून जे ज्ञान निघाले, त्याचा परिचय करून द्यावा आणि त्यातून आपण पालक, शिक्षक व समाज म्हणून काय शिकावयाचे ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाचा आरंभ

१९६८ साली आपला देश स्वतंत्र झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७२ साली, ह्या संशोधनास प्रारंभ झाला. मानसिक विकारांचा धोका असलेली मुले अगदी लहानपणीच ओळखता येतील काय, आणि ओळखता आल्यास त्यांना वेळीच साहाय्य करता येईल काय, हा मूळ प्रश्न होता. इंग्लंडचे पीटर व्हेनेबल्स, अमेरिकेचे सारनॉफ मेडनिक, डेन्मार्कचे फिनी शुलसिंगर आणि आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञ अब्दुल कादर रामन ह्यांनी हे कार्य उभारले. आपल्याच देशातील सिरिल दाले ह्यांनी पुढे कित्येक वर्षे त्यात मोलाचा वाटा उचलला. अेड्रियन रेन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नंतर ह्या कार्यात आले आणि त्यांनी त्याचे निष्कर्ष जगापुढे मांडले.

असे संशोधन करावयाचे तर मुले वर्षानुवर्षे नजरेआड होता कामा नयेत. मोठ्या देशात माणसे गाव सोडून जातात व हरवतात. आपल्या लहानशा बेटावर मात्र एखाद्या मुलाला वीस वर्षांनीही शोधून काढणे शक्य होते. म्हणून १९६९ व १९७० ह्या वर्षांत जन्मलेली, वाक्वा आणि कात्र-बोर्न येथील १,७९५ मुले निवडण्यात आली. ती तीन वर्षांची झाली तेव्हा त्यांची तपासणी झाली. त्यांत बहुसंख्य मुले भारतीय वंशाची होती. क्रिओल मुले सुमारे पावपट होती. चिनी व युरोपीय वंशाचीही काही होती. थोडक्यात सांगावयाचे तर आपल्या समाजाचे ते लहानसे प्रतिबिंबच होते.

तपासणी केवळ वजन-उंचीची नव्हती. मूल आईपासून दूर जाऊन खेळण्यांकडे धावते की पदराआड लपते, अनोळखी माणसाशी बोलते की गप्प राहते, हे टिपून ठेवले गेले. एखादा आवाज ऐकविल्यावर तळहाताला किंचित घाम येतो काय, हृदयाची गती बदलते काय, हे यंत्रांनी मोजले गेले. शरीरावर कुपोषणाची चिन्हे आहेत काय, हे डॉक्टरांनी पाहिले. त्यानंतर ह्याच मुलांची आठव्या, अकराव्या, सतराव्या आणि तेविसाव्या वर्षांच्या सुमारास पुन्हा पुन्हा विचारपूस झाली. पाळण्यातले पाय आणि पुढची वाट ही दोन्ही अशा रीतीने एकाच वहीत नोंदली गेली.

बालशाळेतील दिवस

ह्या संशोधनाचा सर्वांत हृद्य भाग म्हणजे १९७३ साली उघडलेल्या दोन बालशाळा. १,७९५ मुलांपैकी १०० मुलांना तीन ते पाच वर्षे ह्या वयात ह्या बालशाळांत घेण्यात आले. इतर मुले त्या काळच्या रीतीप्रमाणे गल्लीतल्या ‘पेतीत एकोल’ म्हणजे लहान खाजगी शाळांत जात होती. तेथे एका बाईंच्या हाताखाली तीस-तीस मुले असत, अक्षरे व अंक घोकविले जात आणि दुपारी घरून आणलेला पाव किंवा भात खाल्ला जाई. त्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही. तीस मुलांना एकटीने सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते.

नव्या बालशाळांतील दिवस मात्र निराळा होता. साधारण साडेपाच मुलांमागे एक शिक्षिका असे. मुलांना दूध, फळांचा रस, आणि मासे, कोंबडी किंवा मटण असलेले गरम जेवण व सोबत कोशिंबीर मिळे. रोज सुमारे अडीच तास मैदानी खेळ, व्यायाम व मुक्त बागडणे असे. बोलणे, स्मरण, निरीक्षण, हस्तकौशल्य ह्यांचे शिक्षण खेळांतून दिले जाई. सहली निघत. हातपाय धुणे, दात घासणे ह्यांची सवय लावली जाई आणि ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी होई. ह्यांत चमत्कार असा एकही नव्हता. पोटभर चांगले अन्न, भरपूर खेळ आणि आपल्याकडे लक्ष देणारे मोठे माणूस, एवढेच होते. तेही अवघी दोन वर्षे.

अकरा, सतरा आणि तेवीस

दोन वर्षांची ती शिदोरी किती काळ पुरली? वयाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे बालशाळा सोडून सहा वर्षे झाल्यावर, ह्या मुलांची पुन्हा यंत्रांनी तपासणी झाली. जी मुले त्या बालशाळांत गेली होती, त्यांचे अवधान अधिक जागृत आढळले, आणि मेंदूतील विद्युत्-लहरींवरून संशोधकांनी असा अंदाज केला की त्यांच्या मेंदूची वाढ समान परिस्थितीतील इतर मुलांच्या मानाने सुमारे एक वर्षाने पुढे होती. सतराव्या वर्षी त्यांच्यांत मारामारी, दांडगाई, खोटेपणा अशा वर्तनदोषांचे प्रमाण कमी होते. तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार कायद्याविरुद्ध कृत्ये करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले. न्यायालयातील शिक्षांच्या नोंदींतही फरक त्याच दिशेने होता, मात्र तो तितका निर्णायक नव्हता.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा लाभ सर्वांत अधिक कोणाला झाला? तिसऱ्या वर्षी ज्यांच्या अंगावर कुपोषणाची चिन्हे होती, त्या मुलांना. ज्यांच्याविषयी कोणीही फारशी आशा धरली नसती, त्यांच्याच बाबतीत आशेचे फळ सर्वांत मोठे आले.

येथे विवेकही बाळगला पाहिजे. अन्न, खेळ, शिक्षण व देखरेख ही सर्व एकत्र दिली गेल्यामुळे त्यांपैकी कोणत्या गोष्टीचा किती परिणाम झाला, हे ह्या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. शिवाय हे सरासरीचे हिशेब आहेत. चांगल्या बालशाळेतील काही मुलेही पुढे वाकड्या वाटेने गेली आणि काहीच न मिळालेली असंख्य मुले सरळ, कष्टाळू नागरिक झाली. तथापि एवढे निश्चित म्हणता येते, की तिसऱ्या वर्षी दिसणारे पाय हे अखेरचे पाय नव्हेत. पाळणा बदलला तर चालही बदलू शकते.

भूक आणि वर्तन

शाळेतील बेशिस्तीचा विचार करताना आपण सर्वप्रथम संस्कारांकडे बोट दाखवितो. ह्या संशोधनाने आपले बोट ताटाकडे वळविले. तिसऱ्या वर्षी ज्या मुलांच्या ओठांच्या कडा फाटलेल्या होत्या, केस विरळ वा फिकट झाले होते, रक्त कमी होते, ती मुले आठव्या, अकराव्या व सतराव्या वर्षीही अधिक भांडखोर व चंचल आढळली. कुपोषणाची चिन्हे जितकी अधिक, तितके वर्तनदोषही अधिक. अकराव्या वर्षीच्या बुद्धिमापनातही ती मागे होती. घरची गरिबी व इतर अडचणी हिशेबात घेऊनही हा संबंध पुसला गेला नाही.

त्यानंतर ह्याच बेटावर आणखी एक प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठ ते सोळा वर्षांच्या दोनशे मुलांपैकी शंभरांना सहा महिने रोज ओमेगा-३ हे माशांत आढळणारे स्निग्ध द्रव्य मिसळलेला फळांचा रस देण्यात आला. उरलेल्या शंभरांना तसाच रस, पण ते द्रव्य न घालता. कोणाला काय मिळत आहे हे मुलांनाही ठाऊक नव्हते आणि पालकांनाही. वर्ष संपले तेव्हा पहिल्या गटातील मुलांचा आक्रमकपणा कमी झाल्याचे त्यांच्या पालकांनी सांगितले. एका प्रयोगावर सिद्धान्त उभारू नये, आणि उद्या कोणी बाटलीतील तेल हेच सदाचाराचे औषध म्हणून विकू लागल्यास त्यावर विश्वासही ठेवू नये. परंतु भात-माशांवर वाढलेल्या कोकणी माणसाच्या वंशजांनी आपल्या मुलांच्या डब्यात आता केवळ तळलेले पदार्थ आणि गोड पेये भरावीत, ह्याचा विचार व्हावयास हवा. पहिल्याच तासाला डोके टेकून बसणाऱ्या मुलाला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी, सकाळी काय खाल्लेस, असे मी विचारून पाहतो. उत्तर पुष्कळदा ‘काही नाही’ असेच असते.

खोडकर की जिज्ञासू?

तीन वर्षांच्या त्या मुलांपैकी काही मुले खोलीत शिरताच आईचा हात सोडून खेळण्यांकडे धावली, अनोळखी माणसांशी बोलू लागली, वस्तू उलटसुलट करून पाहू लागली, दुसऱ्या मुलांत मिसळली. काही मुले मात्र जागची हलली नाहीत. आठ वर्षांनी ह्या दोन टोकांच्या गटांची तुलना केली तेव्हा धडपड्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने १२ अंकांनी अधिक भरला आणि शाळेतील प्रगतीही सरस आढळली. स्वतः हिंडून-फिरून, हाताळून, विचारून मूल आपल्या बुद्धीला खाद्य मिळविते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

परंतु ह्याच संशोधनात दुसरीही एक बाजू दिसली. निर्भयपणा व उत्तेजनाची ओढ ज्यांच्यांत लहानपणी अधिक होती, त्यांच्यांत अकराव्या वर्षी आक्रमकपणाही अधिक आढळला. म्हणजे एकाच झऱ्याचे पाणी दोन दिशांनी वाहू शकते. त्याला पाट काढून दिला तर मळा भिजतो. नाही दिला तर ते अंगणात शिरते. आपल्या वर्गातील व्रात्य मुलाकडे ह्या दृष्टीने पाहिले तर केवळ त्याला गप्प बसविणे हे शिक्षकाचे यश नव्हे, हे ध्यानी येईल. हातांना काम, प्रश्नांना उत्तर आणि पायांना मैदान मिळाले पाहिजे.

शिक्षेची मर्यादा

जुन्या पिढीतील पुष्कळांची अशी श्रद्धा आहे, की छडी गेली आणि शिस्तही गेली. २०२० च्या बालक कायद्याने, जो २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आला, आपल्या देशात मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. कायदा हा कायदा म्हणून पाळावाच. परंतु त्यामागील विचारही समजून घेणे इष्ट होय, आणि तो समजावयास आपल्याच बेटावरील एक निरीक्षण उपयोगी पडते.

तीन वर्षांच्या त्या मुलांना दोन निरनिराळे सूर ऐकविले गेले होते. त्यांपैकी एका सुरानंतर एक कर्कश, नकोसा आवाज होत असे. दुसऱ्यानंतर काहीच होत नसे. बहुतेक मुले थोड्याच वेळात शिकली. पहिला सूर ऐकताच पुढच्या कर्कश आवाजाच्या धास्तीने त्यांच्या तळहातांना घाम येऊ लागला. पुढे वीस वर्षांनी न्यायालयीन नोंदी पाहिल्या, तेव्हा शिक्षा झालेल्या १३७ जणांची तुलना तशाच परिस्थितीतील, पण गुन्हा न केलेल्या २७४ जणांशी करण्यात आली. शिक्षा झालेल्यांच्या गटात, तिसऱ्या वर्षी, ही धास्ती निर्माणच झाली नव्हती, असे १९७२-७३ च्या कागदांवरून दिसून आले. हा वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध झाला.

ह्याचा अर्थ काही मुले जन्मजात गुन्हेगार असतात, असा मुळीच नव्हे. तिसऱ्या वर्षी घाम न आलेली कित्येक मुले पुढे सज्जनच निघाली असणार. अर्थ एवढाच, की ‘असे केलेस तर तसे होईल’ हा धाक सर्व मुलांच्या अंगात सारखा भिनत नाही. ज्याच्या अंगात तो भिनत नाही, त्यालाच आपण पुन्हा पुन्हा दटावीत असतो, आणि दटावण्याचा उपयोग होत नाही म्हणून आणखी दटावतो. वस्तुतः ज्याला भीतीची भाषा कळत नाही, त्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणे हाच शहाणपणा होय. नेमून दिलेले काम, ते केल्याबद्दल तत्काळ शाबासकी, ठरलेला दिनक्रम, आणि आपल्यावर नाराज होईल अशी भीती नव्हे तर आपल्यावर ज्याचा जीव आहे असे एखादे माणूस, ही ती भाषा होय.

परीक्षा कशासाठी?

आता परीक्षेकडे वळू. आपल्या देशात परीक्षा म्हणजे घराघरांतील वादळ. अनेक वर्षे अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या कपाळी सी.पी.ई. परीक्षेचा शिक्का बसत असे. दरवर्षी हजारो मुले तीत अनुत्तीर्ण होत आणि ‘नापास’ हा शब्द घेऊन आयुष्यात उतरत. २०१६ साली ती परीक्षा अखेरची झाली. २०१७ पासून पी.एस.ए.सी. आली व नऊ वर्षांच्या अखंड शिक्षणाची योजना सुरू झाली. नाव बदलले, काही अंशी रीतही बदलली. परंतु शिकवणीच्या वर्गांकडे धावणारी मुले आणि निकालाच्या दिवशी श्वास रोखून बसणारे आईबाप अजून तसेच आहेत.

ह्या संदर्भात परीक्षेच्या इतिहासाचे एक पान स्मरणात ठेवण्यासारखे आहे. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ ह्यांनी तयार केली. तिचा उद्देश मुलांची उतरंड लावणे हा नव्हता. कोणत्या मुलांना शाळेत विशेष साहाय्याची आवश्यकता आहे, हे ओळखणे हा होता. बुद्धी ही जन्मभर एकाच मापाची राहते, ह्या समजुतीचा बिने ह्यांनी स्वतः १९०९ साली तीव्र निषेध केला आणि योग्य सरावाने ती वाढते असे प्रतिपादन केले. डॉक्टर रोग्याचा ताप पाहतो तो औषध देण्यासाठी. ताप अधिक आहे म्हणून रोग्याला घरी हाकलण्यासाठी नव्हे. मूळ कसोटी ही अशी तापमापक नळी होती. पुढे जगाने तिचा कुंपणासारखा वापर केला, हा बिने ह्यांचा अपराध नव्हे.

परीक्षेचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो पालकांना सहसा ठाऊक नसतो. परीक्षा ही केवळ ज्ञान मोजीत नाही. ती ज्ञान पक्के करते. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने तीन वेळा अभ्यासून एकदा कागद मिटवून आठवेल तेवढे लिहिले. तिसऱ्याने एकदाच अभ्यासून तीन वेळा न पाहता लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पहिला गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७८ व तिसऱ्यांना ७१. परंतु आठवड्याने चित्र उलटे झाले. पहिल्या गटाजवळ उरले ४० टक्के, दुसऱ्याजवळ ५६ आणि तिसऱ्याजवळ ६१. मौज अशी, की चार वेळा वाचणाऱ्यांनाच आपल्याला पुढे अधिक आठवेल असा सर्वांत मोठा विश्वास होता!

ह्यात आपल्या सर्वांना मोठा बोध आहे. मूल रात्री उशिरापर्यंत तेच पान पुन्हा पुन्हा वाचते, त्याला सर्व ‘येते’ असे वाटते, आणि आठवड्याने कोरा कागद समोर आला की काहीच आठवत नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नसून रीतीचा आहे. पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत सांगून पाहणे. चुकले तर लगेच उघडून दुरुस्त करणे. एक दिवसाने, मग आठवड्याने पुन्हा सांगणे, हा खरा अभ्यास होय. मात्र ही परीक्षा लहान असावी, वारंवार असावी, तिला गुण नसावेत आणि तिची भीती नसावी.

आपल्या जुन्या बैठकांतील गुरुजींनी हे प्रयोगावाचून जाणले होते, असे म्हणावयास हरकत नाही. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांना जमविणाऱ्या त्या माणसांजवळ पुस्तके थोडी होती. म्हणून ती मुलांकडून कथा तोंडी सांगून घेत, पाढे एकमेकांना विचारावयास लावीत, चुकलेल्यास शेजारच्याकडून दुरुस्त करवीत. पुस्तकाची उणीव होती. तीच स्मरणाची शाळा झाली. आज आमच्या मराठीच्या तासाला मी शुद्धलेखनाच्या शब्दांची यादी दहा वेळा उतरवून काढण्याऐवजी पाटी पालथी करून तीन वेळा आठवून लिहावयास सांगतो. वेळ तितकाच लागतो; शब्द मात्र सुटी संपल्यावरही मुलांच्या जवळ असतात.

अपेक्षेचे बळ

अखेरीस शिक्षकाच्या मनाविषयी. १९६८ साली अमेरिकेत रोझेन्थाल व जेकबसन ह्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध करून शिक्षणजगतात खळबळ उडविली. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले, की ही मुले ह्या वर्षी विशेष प्रगती करतील असे आमच्या चाचणीवरून दिसते. वास्तविक ती सुमारे पंचमांश नावे केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिल्या व दुसऱ्या इयत्तेतील त्या मुलांची बुद्धिमापनातील वाढ इतरांपेक्षा लक्षणीय आढळली. वरच्या इयत्तांत तसे दिसले नाही. पुढे ह्या प्रयोगावर कठोर टीका झाली, आणि नंतरच्या संशोधनांतून असे निष्पन्न झाले, की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो खरा, परंतु तो सहसा लहान असतो. मात्र ज्या मुलांना समाजाने आधीच कमी लेखले आहे, त्यांच्या बाबतीत तो अधिक प्रबळ असू शकतो.

आपल्याला ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ पुस्तकातून शिकावयास नको. ‘कुली’ ह्या नावाने ज्यांची नोंद झाली, ज्यांच्या हाती कोयता दिसला की लेखणी कोणालाच दिसत नसे, त्यांचे आपण वंशज आहोत. ऊस तोडणाऱ्याच्या पोराला अक्षरांची काय गरज, असे त्या काळी म्हटले जाई. त्या पोरांपैकीच पुढे शिक्षक झाले, डॉक्टर झाले, न्यायासनावर बसले. त्यांची बुद्धी एका रात्रीत वाढली नाही. १९७७ साली माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि बंद दार उघडले, हे त्याचे एक मोठे कारण होय. म्हणूनच, ज्यांच्या पूर्वजांवर असा शिक्का मारला गेला, त्यांनीच आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मुलावर, मग ते मराठी असो, तमिळ असो, क्रिओल असो, ‘हे काही शिकणार नाही’ असा शिक्का मारावा, ह्यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

आपले कर्तव्य

ह्या सर्वांतून आचरणात आणण्याजोगे काय? पालकांनी एवढे करावे: मुलाला सकाळी उपाशी घराबाहेर पाठवू नये, रोज काही वेळ ते घामाघूम होईपर्यंत खेळेल असे पाहावे, आणि रात्री ‘अभ्यास झाला काय?’ असे न विचारता ‘आज काय शिकलास ते मला सांग’ असे म्हणावे. आईला इंग्रजी येत नसेल, बापाला बीजगणित येत नसेल, तरी बिघडत नाही. सांगणाऱ्याला ऐकणारा लागतो, परीक्षक लागत नाही. आजी-आजोबांनी तर हे काम मराठीत करावे. त्यायोगे पाठ आणि भाषा दोन्ही पक्की होतील.

शिक्षकांनी लहान, निर्भय चाचण्यांना जवळ करावे आणि प्रत्येक चाचणीनंतर ‘कोण पहिला?’ ह्याऐवजी ‘कोणाला कोठे हात द्यावा?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा. समाजाच्या संस्थांनीही विचार करावा. आपली सभागृहे वर्षातील पुष्कळ दिवस दुपारी कुलूपबंद असतात. त्यांपैकी एका दालनात आठवड्यातून दोन दिवस चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी खाऊ, खेळ, गोष्टी व गाणी ह्यांची सोय झाली, तर खर्च फारसा येणार नाही. निवृत्त शिक्षिका आपल्यांत पुष्कळ आहेत. त्या बालशाळांत जे होते, त्यातील मुख्य वस्तू, म्हणजे लक्ष देणारे माणूस, त्यांच्या रूपाने आपल्याजवळ आहेच.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आपल्या पूर्वजांनी सांगितले ते निरीक्षणाने सांगितले, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पाळणा कोणी बांधला, दोरी कोणी धरली, आणि मुलाच्या पोटात दूध गेले होते की नाही, हे म्हणीत सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम आपल्याच बेटावरील १,७९५ मुलांनी केले. पाय मुलाचे असतात. पाळणा आपला असतो.